दाढेची तहकुबी

मनुष्यदेहाच्या ज्या अवयवांची संख्या एकाहून अधिक आहे त्यांच्याविषयी संसारी माणूस जात्याच थोडा निष्काळजी असतो, आणि ज्याची संख्या बत्तीस भरते त्याच्याविषयी तर हा निष्काळजीपणा उधळपट्टीच्या थराला जातो. हृदय एक, यकृत एक. त्यांनी नुसती कुरकुर केली तरी घरात धावपळ उडते. डोळे दोन, त्यांतल्या एकाला अंधुक दिसू लागले तर निदान चष्मेवाल्यापर्यंत तरी प्रकरण जाते. परंतु "माझी दाढ दुखते" असे घरातल्या कोणी जाहीर केले, तर बाकीची मंडळी "कुठली?" एवढेच विचारून आपापल्या उद्योगास लागतात, आणि त्या प्रश्नातही सहानुभूतीपेक्षा शिलकेची चौकशी अधिक असते. बत्तिसांतून एक वजा जाता एकतीस उरतात, एकतिसांवर जेवणखाण यथास्थित चालते, आणि एकतिसांचे तीस झाल्याचे तर परक्या माणसाच्या ध्यानातही येत नाही. त्यामुळे ज्या महिन्यात मुलाच्या क्लासची फी, विजेचे बिल आणि मेहुणीच्या मुलीचे लग्न ही तिन्ही एकदम दाराशी येऊन उभी राहतात, त्या महिन्याच्या अंदाजपत्रकात कपातीची पहिली कुऱ्हाड ज्या खात्यावर पडते ते खाते दंतखाते होय.

दाढेला हा अवमान कळत असला पाहिजे, कारण तिचे दुखणे पगाराच्या आठवड्यात सहसा उद्भवत नाही. ते वीस-बावीस तारखेनंतर उद्भवते, आणि तेही रात्री. तारखेचा दोष तिच्याकडे नसून पगाराकडे आहे. रात्रीचे कारण मात्र सर्वस्वी शास्त्रीय आहे. दाताचे बाहेरचे कवच हा अवघ्या देहातला सर्वांत कठीण पदार्थ. परंतु त्यात जिवंत पेशी नसल्याने एकदा त्याला छिद्र पडले की ते आपण होऊन कधीच बुजत नाही. त्या छिद्रातून कीड आत उतरत उतरत जिथे रक्तवाहिन्या आणि नस राहतात त्या गाभ्यापर्यंत पोहोचली, म्हणजे तो गाभा सुजू पाहतो. पण चोहो बाजूंनी तटबंदी असल्यामुळे बिचाऱ्याला सुजायलाही जागा मिळत नाही, आणि दिवसभर कसाबसा दम धरलेला माणूस रात्री अंथरुणावर आडवा झाला की डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढून त्या कोंडलेल्या गाभ्यात ठणका सुरू होतो. रात्री दोन वाजता माणूस उठून बसतो, ठणका उतरतो. पुन्हा पडतो, पुन्हा चढतो. या उठाबशांच्या दरम्यान माणूस जे जे संकल्प करतो, ते सगळे त्याने सकाळी पार पाडले असते, तर या देशात एकही दाढ किडकी राहिली नसती.

आमच्या शेजारचे अण्णा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आहेत. कोणताही प्रश्न पुरेशा तारखा देत गेल्यास आपोआप सुटतो, अथवा प्रश्न विचारणारा तरी मरतो, या सिद्धांतावर त्यांनी सारी नोकरी निर्वेध पार पाडली. त्यांच्या वरच्या डाव्या दाढेने जेव्हा पहिली तक्रार गुदरली, तेव्हा त्यांनी तिची रीतसर नोंद घेतली आणि बाब पुढच्या महिन्यावर तहकूब केली. पुढच्या महिन्यात पाण्याची मोटर जळाली. त्याच्या पुढच्या महिन्यात काय झाले ते मला आठवत नाही, पण काहीतरी झालेच असणार. मधल्या काळात लवंगेच्या तेलाचा बोळा, तुरटीच्या गुळण्या, कापूर, हिंग, माकडछाप काळे दंतमंजन आणि एका निवृत्त पोस्टमास्तरांनी सुचवलेला अक्कलकाढा हे सर्व हंगामी कर्मचारी पाळीपाळीने त्या दाढेवर नेमण्यात आले. त्यांपैकी लवंगेच्या तेलाची नेमणूक अगदीच गैरवाजवी नव्हती. त्यातले युजेनॉल नावाचे द्रव्य झिंक ऑक्साइडच्या भुकटीत कालवून दंतवैद्यही दाढेत तात्पुरते भरतात. फरक इतकाच, की दंतवैद्य त्याला तात्पुरते म्हणतो आणि आपण त्याच्या भरवशावर वर्ष काढतो.

आणि मग एके दिवशी दाढ दुखायची थांबली. या घटनेचा अर्थ दंतशास्त्रात अत्यंत अशुभ आहे: नस मेली, म्हणून रड थांबली, आता मेलेल्या गाभ्यातला पू मुळाच्या टोकाशी साठत जाणार आणि यथावकाश गालाला लाडवाचा आकार येणार. परंतु अण्णांनी तिचा अर्थ आपल्या सेवेतल्या अनुभवाच्या आधारे लावला, आणि "अर्जदाराने अर्ज मागे घेतला" असा शेरा मारून त्यांनी ते प्रकरण दप्तरी दाखल केले. आठ दिवस ते आम्हांला दाढेवर सुपारी फोडून दाखवीत होते.

गाल सुजला तेव्हा शास्त्रार्थ झाला. दाढ काढून टाकावी, हा सर्वांत स्वस्त म्हणून सर्वमान्य होऊ पाहणारा पक्ष, गल्लीतल्या एका आजीबाईंनी एका वाक्यात फेटाळला: वरची दाढ काढली की डोळा जातो. आजीबाईंना आम्ही हसलो, पण हसताना हे ध्यानात ठेवायला हवे होते की त्यांच्या पाठीशी खुद्द सुश्रुताचार्य उभे आहेत. मुखाचे पासष्ट रोग मोजून त्यांतले आठ खास दातांच्या वाट्याला देणाऱ्या आणि किडक्या दाताला 'कृमिदंत' असे नाव ठेवणाऱ्या त्या ग्रंथात, वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, रक्तस्राव होऊन रोगी काणा होईल, असा स्पष्ट इशारा दिलेला आहे. आजचे दंतवैद्य हे मानीत नाहीत. दिवसाकाठी ते डझनभर वरच्या दाढा काढतात आणि ते रोगी जिना नीट पाहून उतरतात. पण अण्णांना प्राचीन आधार मिळाला. खर्च करायचा नाही हा निश्चय आधी झालेला होता. आता त्याला संस्कृत प्रमाण मिळाले, आणि आमच्या समाजात एवढे पुष्कळ होते.

शेवटी सुजेने डावा डोळा झाकला, म्हणजे दाढ न काढताही काणेपणा येऊ लागला, तेव्हा त्यांना एका खाजगी दवाखान्यात नेले. तिथली वातानुकूलित शांतता, भिंतीवरची हसणाऱ्या परदेशी कुटुंबाची तसबीर, आणि आडवे होताच माणसाचा सारा प्रतिकार काढून घेणारी ती खुर्ची यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. मला सांगायचे आहे ते त्या कागदाविषयी, जो बाहेर पडताना हातात देण्यात आला आणि ज्याच्या माथ्यावर 'अंदाजे' असे लिहिले होते. अण्णांनी जन्मभर सरकारी अंदाजपत्रके पाहिलेली असल्याने 'अंदाजे' या शब्दाची व्याप्ती त्यांना तत्काळ समजली. रूट कनालचे अमुक हजार. त्यावर कॅप, ती तीन प्रतींची: निव्वळ धातूची, धातूवर चिनीमाती चढवलेली, आणि झिर्कोनियाची. झिर्कोनियाला पंधरा वर्षांची हमी होती. अण्णांनी आपले वय आठवले, बोटांवर थोडी बेरीज केली, आणि ज्या मालाची हमी मालकाच्या हमीपेक्षा लांब पोहोचते तो माल घेणे हा सरळ सरळ सरकारी पैशाचा अपव्यय आहे, असे मत नोंदवले.

"काढलीच तर?" असे त्यांनी विचारले. डॉक्टर भले होते. त्यांनी समजावून सांगितले, की दाढ काढणे स्वस्त, पण मोकळ्या जागेकडे शेजारचे दात कलू लागतात, समोरची दाढ आधार तुटल्याने खाली किंवा वर सरकते, आणि मग ती जागा भरायला 'ब्रिज' बसवायचा तर दोन्ही बाजूंचे धडधाकट दात तासून त्यांच्यावर टोप्या चढवाव्या लागतात. फरारी आरोपीपायी दोन निर्दोष शेजाऱ्यांना जामीन धरण्याची ही पद्धत अण्णांना महसुली कामकाजामुळे परिचयाची होती. तरी ती तोंडातही चालते हे ऐकून ते खिन्न झाले. दातांच्या दुखण्याचे अर्थशास्त्र हे एवढेच आहे. आरंभी काही शेकड्यांत सिमेंट भरून जे भागते, ते तहकूब केले की हजारांच्या खात्यात वर्ग होते. तेही तहकूब केले की दाढ जाते, आणि गेलेल्या दाढेच्या जागी हाडात खिळा रोवून नवी बसवायची झाली तर आकडा दशसहस्रांत जातो. सावकाराच्या व्याजाची निदान कोणी चौकशी लावू शकतो; या व्याजाला दाद-फिर्याद नाही. म्हण रचणाऱ्याने दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, एवढ्या दोनच अवस्था कल्पिल्या. दात राखायचे तर चणे विकावे लागतात, ही तिसरी अवस्था त्या भल्या माणसाच्या काळी उत्पन्न झालेली नसावी.

मला त्या वेळी अण्णांच्या आरोग्यविम्याची आठवण झाली आणि आम्ही पॉलिसी काढून वाचली. ती वाचून असे निष्पन्न झाले, की विमा कंपनीने अण्णांना आपादमस्तक स्वीकारले आहे, मात्र त्यातून दात वगळले आहेत. अपघात होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच दातांच्या खर्चाचा विचार होईल. बहुतेक पॉलिसींत हेच कलम असते. सावकाश किडलेल्या दाताला विम्याच्या दरबारी मान नाही, तो एस.टी.च्या धक्क्याने पडला पाहिजे. अण्णा बराच वेळ खिडकीतून रस्त्यावरच्या रहदारीकडे पाहत बसले, तेव्हा वहिनींनी पॉलिसी हातातून काढून घेतली.

गरिबाच्या दाताचा बाजारभाव पूर्वी इतका पडलेला नव्हता, हे इतिहास सांगतो. अठराव्या शतकात लंडनचे धनिक गरीब पोरांचे चांगले दात पैसे देऊन उपटून घेत आणि तिथल्या तिथे आपल्या हिरड्यांत बसवून घेत. जॉन हंटरसारखा नामांकित शल्यवैद्य या प्रयोगांत होता, आणि रोलँडसन नावाच्या व्यंगचित्रकाराने १७८७ साली त्यावर एक जहरी चित्रही काढले. व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ सालच्या कादंबरीतली फाँतीन पोरीसाठी समोरचे दोन दात चाळीस फ्रँकांना विकते. हे सारे भयंकर होते यात शंका नाही. परंतु त्या काळी दात दिल्यावर पैसे मिळत, आज दातही द्यायचा आणि वर पैसेही द्यायचे, हा बदल अण्णांच्या हिशेबी नजरेतून सुटला नाही.

आपल्याकडे मोठमोठ्या शहरांच्या पदपथांवर सतरंजी पसरून, कवळ्यांची आणि सुट्या दातांची आरास मांडून बसणारे कलावंत होते आणि अजून आहेत. मुंबई-कलकत्त्याला पिढ्यान्‌पिढ्या दातांचेच काम करणारी चिनी घराणी आहेत. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा होऊन नोंदणी आली आणि कोण दंतवैद्य व कोण नव्हे याचा निवाडा कागदावर झाला. पदपथावरील मंडळी मात्र कागदाची नव्हती, त्यामुळे ती राहिली. अण्णा त्यांच्यापैकी एकाकडे जायला निघालेही होते. तो दर वाजवी घेतो आणि दाढ रोगी सांगेल तीच काढतो, अशी त्याची ख्याती होती. मी त्यांना अक्षरशः बाहीला धरून मागे खेचले, कारण त्याची पकड एका तोंडातून निघून दुसऱ्या तोंडात शिरताना वाटेत फक्त त्याच्या धोतराला पुसली जात असे, आणि अशा पकडीबरोबर कावीळही या तोंडातून त्या तोंडात जाते.

आता ज्या संस्थेविषयी लिहावे म्हणून मी हा लेख हाती घेतला तिच्याकडे वळतो. हिंदुस्थानातले पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी स्थापिले, आणि त्याच्या खर्चासाठी त्यांनी 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' या नावाचे दुकान चालवले. गोड पेये विकून आलेल्या पैशावर दंतवैद्य तयार करण्याइतकी दूरदृष्टी नंतरच्या कोणत्याही शिक्षणतज्ज्ञात मला आढळलेली नाही. सरकारने त्यांना पुढे १९६४ साली पद्मभूषण दिले ते योग्यच झाले. मुंबईस महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, फोर्टात सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात सरकारी महाविद्यालय आहे, नागपुरास आहे, औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरास आहे, आणि खाजगी तर ठिकठिकाणी आहेत. या सर्व ठिकाणी दर खाजगी दवाखान्याच्या एका लहानशा हिश्शाइतका असतो. पण दर ही तिथली खरी मौज नव्हे.

खरी मौज अशी, की साऱ्या जगात किडक्या दाढेच्या दरिद्री माणसाला जिथे 'या, बसा' असे मनापासून म्हटले जाते अशी ती एकमेव जागा आहे. दंतवैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अमुक इतक्या दाढा काढून, अमुक इतक्या भरून, अमुक इतक्या कवळ्या बसवून दाखवल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि परीक्षेच्या दिवशी पुन्हा एक जिवंत तोंड आपल्याबरोबर आणावे लागते. त्यामुळे ज्या अण्णांना बँकेत, पेन्शन कचेरीत आणि स्वतःच्या घरात कोणी दोनदा हाक मारीत नव्हते, त्यांचा जबडा अशा एका महाविद्यालयात उघडताच सात-आठ पांढरे कोट भोवती जमले, एकीने आरसा घातला, दुसऱ्याने टोचून पाहिले, आणि "केस सुरेख आहे" असा उद्गार निघाला. अण्णांच्या कोणत्याही गोष्टीला सुरेख म्हटले जाण्याचा प्रसंग बहुधा त्यांच्या लग्नानंतर हा पहिलाच. त्यांच्या पाठीमागे रांगेत एक पूर्ण बोळके झालेले वृद्ध होते. घरी सुनेला त्यांच्यासाठी वेगळा मऊ भात करावा लागे म्हणून त्यांचा उद्धार होत असे. इथे त्यांच्या उंच, भरीव हिरडीवरून दोन विद्यार्थ्यांत जवळजवळ हातघाई झाली, कारण संपूर्ण कवळीच्या परीक्षेला असे तोंड दैवानेच मिळते.

या आदराची किंमत वेळेच्या रूपाने वसूल होते, हे लपवण्यात अर्थ नाही. केसपेपर एका खिडकीवर, एक्स-रे दुसऱ्या मजल्यावर, पैसे भरायचे पुन्हा तळमजल्यावर, आणि प्रत्येक पायरीवर सरांची सही. सही झाल्याखेरीज सुई नाही, आणि सर लेक्चरला. खाजगी दवाखान्यात जे दोन बैठकांत उरकते ते अण्णांच्या बाबतीत श्रावणात सुरू होऊन दिवाळीपर्यंत गेले. अण्णांना याचे काही वाटले नाही. उलट, ज्या कार्यपद्धतीत त्यांचे आयुष्य गेले ती इथे इतक्या शुद्ध स्वरूपात जिवंत असलेली पाहून त्यांना भरून आले. एक्स-रेवर सही नसल्याबद्दल परत पाठवलेल्या एका रागावलेल्या रोग्याला त्यांनी बाकावर बसवून जावक क्रमांकाचे महत्त्व समजावून दिले.

त्यांच्या वाट्याला एमडीएस करणारी एक मुलगी आली होती. ती त्यांना काका म्हणे, आदल्या रात्री फोन करून "काका, उद्या नक्की ना?" असे विचारी, आणि एका पावसाळी दिवशी तर रिक्षाचे पैसेही तिनेच दिले. वरच्या दाढेला मुळे तीन असली तरी चौथी एक नळी पुष्कळदा दडून बसलेली असते. ती तिला सापडली तेव्हा तिने जो आनंद व्यक्त केला तो पाहून आसपासच्या खुर्च्यांवरचे रोगी उघड्या तोंडांनी वळून पाहू लागले, अर्थात तोंडे उघडी होतीच. मग त्या नळ्यांत गटापर्चा भरण्यात आला. हा मलायातल्या एका झाडाचा चीक. गेल्या शतकाच्याही आधी समुद्राच्या तळाशी तारायंत्राच्या तारा टाकल्या तेव्हा त्या ह्याच चिकाने मढवल्या होत्या. हे ऐकल्यापासून अण्णा आपल्या दाढेचा उल्लेख काहीशा अदबीने करतात. भरलेला गटापर्चा एका नळीत टोकापासून दोन मिलिमीटर अलीकडेच थांबला, असे सरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून दाखवले आणि सगळे उकरून पुन्हा भरायला सांगितले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले. अण्णा म्हणाले, "असू दे बाळ, आमच्याकडे तर अख्खी जमाबंदी परत यायची."

माझे मत विचाराल तर, पैशाच्या बदल्यात वेळ आणि वेळेच्या बदल्यात देखरेख, हा सौदा गरिबाच्या बाजूने आहे. खाजगी दवाखान्यात ते दोन मिलिमीटर कोणी मोजले असते की नाही, हे खुर्चीत आडव्या झालेल्या माणसाला कळण्याचा मार्ग नाही. मात्र तो सौदा ज्याला रोजची मजुरी बुडवून यावे लागते त्याच्या बाजूने नाही, हेही तितकेच खरे. पेन्शनरला जो वेळ फुकट आहे तो बिगाऱ्याला दिवसाच्या भाकरीच्या भावाने पडतो, आणि म्हणून तो पहिल्याच दिवशी "काढूनच टाका" म्हणतो. त्या बाकांवर रूट कनालवाले बहुतेक पेन्शनर असतात आणि दाढ काढून घेणारे बहुतेक तरुण असतात, हे मी अण्णांची वाट पाहत बसलो असताना पाहिले. सायंकाळी सात ते नऊ एखादा विभाग उघडा ठेवला, तर कित्येक दाढा वाचतील. विद्यार्थी थकतील, पण त्यांना केसेसची वाण पडणार नाही.

अण्णांची दाढ आता धातूच्या साध्या कॅपखाली सुखरूप आहे. मुलगी परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे पेढे घेऊन आली, तेव्हा त्यांनी दोन खाल्ले, आणि तिने सवयीने त्यांना तोंड उघडायला सांगितले. उजव्या बाजूला खाली एक काळा ठिपका तिला दिसला. "काका, हे लगेच भरून घ्या," असे ती म्हणाली, आणि अण्णांनी ते पुढच्या महिन्यावर ठेवले आहे.

ज्या वाचकांच्या तोंडात असा ठिपका असेल त्यांनी अण्णांची वाट पाहू नये. केसपेपरची खिडकी सकाळी लवकर उघडते आणि दुपारच्या आत बंद होते. जाताना आधारकार्ड, जुने एक्स-रे, दुपारचा मऊ डबा आणि एखादी चांगली जाडजूड कादंबरी बरोबर न्यावी.